एसएमएसचा मार्ग चालू प्रोग्रामात निवडणे : डॉट नेट ८ च्या डीआय कंटेनरवरच्या कामाच्या नोंदी

काम असे : गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले काढणारी प्रणाली. बिल निघाले की सभासदाला एसएमएस जातो, लॉगिनच्या वेळी ओटीपी जातो. आजवर एसएमएस पुरवठादार एकच होता. आता काही संस्थांचे करार दुसऱ्या पुरवठादाराशी झाले आहेत आणि चाचणीसाठी एसएमएस न पाठवता फाइलीत लिहिणारा तिसरा मार्गही हवा आहे. कोणत्या संस्थेचा निरोप कोणत्या मार्गाने जाईल हे डेटाबेसमधल्या करारावर आणि निरोपाच्या प्रकारावर ठरते. म्हणजे प्रोग्राम सुरू होताना ते माहीत नसते. एएसपी डॉट नेट कोअर, डॉट नेट ८, सोबत येणारा डीआय (डिपेन्डन्सी इंजेक्शन) कंटेनर, म्हणजे नोंदवलेले क्लास लागतील तेव्हा तयार करून देणारा भाग. पुढच्या नोंदींत पुरवठादारांना अ आणि ब म्हटले आहे.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पुरवठादाराच्या एपीआयला हाक मारणारा कोड बिल, पावती, थकबाकीची आठवण आणि ओटीपी अशा चार ठिकाणी थेट लिहिलेला होता. पहिले काम कंटेनरचे नव्हतेच. हा कोड एका इंटरफेसमागे नेला. इंटरफेसमध्ये एकच मेथड : मोबाइल नंबर, हेडर (पाठवणाऱ्याचे नोंदवलेले नाव), टेम्प्लेट आयडी (मंजूर मसुद्याचा क्रमांक) आणि मजकूर घ्यायचा, पुरवठादाराने दिलेला पावती-क्रमांक किंवा नकाराचे कारण परत द्यायचे. पुन्हा प्रयत्न करणे, भागांची मोजणी, कोणत्या वेळी पाठवायचे, यातले काहीही इंटरफेसमध्ये घेतले नाही. तिथे दहा मेथड झाल्या की फाइलवाल्या मार्गाला त्यातल्या आठ रिकाम्या लिहाव्या लागतात, आणि मग तो चाचणीत खऱ्या मार्गासारखा वागत नाही.

ऑटोफॅक हा बाहेरचा डीआय कंटेनर घ्यावा का, हा प्रश्न आला. त्यात किल्लीने नोंदणी करण्याची (एकाच इंटरफेसखालच्या प्रत्येक क्लासला वेगळी खूण देण्याची) सोय फार जुनी आहे आणि आय-इंडेक्स नावाचा तयार प्रकार हातात मिळतो. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉट नेट ८ आले तेव्हापासून सोबतच्या कंटेनरलाही किल्लीने नोंदणी येते. तेवढ्यासाठी आणखी एक लायब्ररी सांभाळायची नाही, असे ठरले.

बुधवार, ८ जानेवारी

आधी सगळ्यात साधी रीत. एकाच इंटरफेसखाली तिन्ही क्लास ॲड-स्कोप्डने (म्हणजे एका स्कोपमध्ये, जसे एका वेब रिक्वेस्टमध्ये, एकच ऑब्जेक्ट) ओळीने नोंदवले. कंटेनर कसलीही तक्रार करत नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये इंटरफेस मागितला की सगळ्यात शेवटी नोंदवलेला क्लास हातात येतो. इथे तो फाइलवाला होता, त्यामुळे सगळे निरोप निमूटपणे फाइलीत गेले. नोंदणीच्या ओळींचा क्रम बदलला की वागणे बदलते आणि कुठेही एरर दिसत नाही. हे फार धोक्याचे आहे.

तिन्ही हवे असतील तर आय-इन्युमरेबल मागायचे, मग ते नोंदणीच्या क्रमाने मिळतात. प्रत्येक क्लासला नाव देणारी प्रॉपर्टी ठेवून यादीतून हवा तो काढता येतो, आणि चालतेही. पण यादी मागताक्षणी तिन्ही ऑब्जेक्ट तयार होतात. ब चा क्लास कन्स्ट्रक्टरमध्ये सर्टिफिकेट वाचतो. अ च्या संस्थेला ओटीपी पाठवतानाही ते सर्टिफिकेट वाचले जात होते, आणि ती फाइल नसेल तर अ चा ओटीपीही अडत होता. ही रीत सोडली.

यादी घ्यायची ती जिथे सगळ्यांचीच गरज असते तिथे. निरोप जाण्याआधी चालणाऱ्या तपासण्या (नंबर बरोबर आहे का, टेम्प्लेटशी मजकूर जुळतो का) तशाच नोंदवल्या आहेत. तिथे ट्राय-ॲड-इन्युमरेबल वापरले, म्हणजे तोच क्लास दोन मॉड्यूलांनी नोंदवला तरी एकदाच येतो. साधे ट्राय-ॲड तिथे चालत नाही. त्या इंटरफेसची एक नोंद आधीच असली की ते दुसरा क्लास घेतच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

दुसरी रीत : नोंदणीत लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले छोटे फंक्शन. इंटरफेस मागितला की लॅम्डा चालू संस्था कोणती ते पाहतो आणि अ किंवा ब परत करतो. वेब रिक्वेस्टमध्ये हे नीट चालले, कारण एका रिक्वेस्टला एक स्कोप आणि एका रिक्वेस्टमध्ये एकच संस्था.

रात्रीच्या बिलिंग जॉबमध्ये फसले. तिथे एका स्कोपमध्ये एकामागून एक अनेक संस्था येतात. स्कोप्ड नोंदणी असल्यामुळे लॅम्डा पहिल्या संस्थेसाठी एकदाच चालला, त्याचे उत्तर स्कोपमध्ये बसले आणि पुढच्या सगळ्या संस्थांना तोच मार्ग मिळाला. ब शी करार असलेल्या संस्थेच्या हेडरने निरोप अ च्या खात्यातून निघाले आणि ऑपरेटरने नाकारले. चाचणीचे नंबर होते म्हणून निभावले. नकाराचे कारण डीएलटी (हेडर आणि टेम्प्लेट आधी नोंदवण्याची ऑपरेटरांची व्यवस्था) नोंदणीकडे बोट दाखवत होते, त्यामुळे अर्धा दिवस टेम्प्लेट तपासण्यात गेला. दोष तिथे नव्हताच.

लॅम्डा ट्रान्झियंट (दर मागणीला नवा ऑब्जेक्ट) केला तरी पूर्ण सुटत नाही. बिल पाठवणारा क्लास स्वतः एकदाच तयार होतो आणि कन्स्ट्रक्टरमध्ये मिळालेला मार्ग शेवटपर्यंत धरून ठेवतो. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा संस्था अजून ठरलेली नसते. म्हणून निवड कन्स्ट्रक्टरमध्ये नको, पाठवण्याच्या क्षणी हवी. या कामातला सगळा गुंता एवढ्या एका प्रश्नाभोवती आहे : निवड नेमकी कधी होते? नोंदणीच्या वेळी, ऑब्जेक्ट तयार होताना, की हाक मारताना?

प्रत्येक ग्राहकाची वेगळी स्थापना असेल आणि एका स्थापनेत मार्ग बदलणारच नसेल, तर लॅम्डाच बरा. तिथे पुढचे काहीही करू नये.

सोमवार, १३ जानेवारी

किल्लीने नोंदणी. ॲड-कीड-स्कोप्डला इंटरफेस, क्लास आणि किल्ली द्यायची. घेताना गेट-रिक्वायर्ड-कीड-सर्व्हिस. फक्त मागितलेला क्लास तयार होतो, ब चे सर्टिफिकेट अ च्या वाटेत येत नाही.

लागलेल्या ठेचा :

किल्ली म्हणून आधी स्ट्रिंग ठेवली होती, डेटाबेसमधल्या कॉलममधून थेट येणारी. कंटेनर किल्ल्यांची तुलना इक्वल्सने करतो, म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक धरला जातो आणि शेवटची मोकळी जागाही. एका जुन्या रेकॉर्डमध्ये ती होती. किल्ली एनम (ठरावीक नावांची यादी असलेला टाइप) केली. डेटाबेसमधून वाचतानाच स्ट्रिंगचे एनममध्ये रूपांतर होते आणि न जुळल्यास तिथेच संस्थेच्या क्रमांकासह एरर येते. कंटेनरच्या एररमध्ये संस्था कधीच कळत नाही.

किल्लीचा टाइपही जुळावा लागतो. एनमने नोंदवून इंटिजरने मागितले तर सापडत नाही.

गेट-कीड-सर्व्हिस (रिक्वायर्ड शब्दाशिवाय) न सापडल्यास नल देते. तो नल दूर कुठेतरी फुटतो. वापरूच नये.

किल्लीने नोंदवलेले क्लास बिनकिल्लीच्या मागणीला मिळत नाहीत, आणि बिनकिल्लीच्या यादीतही दिसत नाहीत. जुन्या कोडमध्ये एके ठिकाणी नुसता इंटरफेस मागितला होता, तो आता एरर देऊ लागला. हे चांगलेच झाले. राहिलेली जागा त्यामुळे सापडली.

कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावायचे फ्रॉम-कीड-सर्व्हिसेस हे ॲट्रिब्यूट चालू प्रोग्रामातल्या निवडीच्या कामाचे नाही, कारण ॲट्रिब्यूटमध्ये स्थिर किंमतच देता येते. ते एकाच जागी वापरले : प्रशासकाच्या पानावरचे ‘चाचणी निरोप’ बटण नेहमी फाइलच्या मार्गाने जाते, तिथे.

बुधवार, १५ जानेवारी

निवडक, म्हणजे मार्ग निवडणारा क्लास. हा एकच क्लास असा, ज्याला कंटेनर दिसतो. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आय-सर्व्हिस-प्रोव्हायडर येतो आणि मेथड एकच : संस्थेचा करार आणि निरोपाचा प्रकार द्या, मार्ग घ्या. बाकी चारही जागा निवडक मागतात, कंटेनर कुणीही मागत नाही. आय-सर्व्हिस-प्रोव्हायडर सगळीकडे वाटला की कोणत्या क्लासला काय लागते हे कन्स्ट्रक्टर पाहून कळेनासे होते, आणि टेस्ट लिहिताना अख्खा कंटेनर उभा करावा लागतो.

निवडकाचे दोन तुकडे केले. नियम हे वेगळे स्टॅटिक फंक्शन : करार आणि प्रकार घेते, एनम देते. त्याला ना कंटेनर लागतो, ना डेटाबेस. ‘ओटीपी नेहमी अ ने, कारण ब च्या करारात ओटीपी नाही’ असले सगळे नियम तिथेच, आणि त्यांच्या टेस्ट चुटकीसरशी चालतात. दुसरा तुकडा एनमवरून क्लास आणतो. तो एका ओळीचा आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

निवडकाला स्वतःचे काही साठवायचे नाही, म्हणून तो सिंगलटन (ॲपभर एकच ऑब्जेक्ट) नोंदवला होता. विकासाच्या मशीनवर लगेच एरर : स्कोप्ड सर्व्हिस रूट प्रोव्हायडरमधून घेता येत नाही. कारण सरळ आहे. सिंगलटनला मिळणारा आय-सर्व्हिस-प्रोव्हायडर हा मूळ कंटेनर असतो, चालू रिक्वेस्टचा स्कोप नसतो.

खरी गोम पुढे आहे. हाच बिल्ड चाचणी सर्व्हरवर बिनबोभाट चालला. ही तपासणी मुळात फक्त एन्व्हायर्न्मेंटचे नाव डेव्हलपमेंट असेल तेव्हाच चालू असते. सर्व्हरवर नाव स्टेजिंग होते. तिथे स्कोप्ड मार्ग मूळ कंटेनरमधून तयार झाला, त्याच्यासोबत डेटाबेसशी बोलणारा एंटिटी फ्रेमवर्कचा डीबी-कॉन्टेक्स्टही, आणि दोन्ही प्रोग्राम बंद होईपर्यंत तसेच राहिले. एकेक निरोप जात होता तोवर सगळे ठीक. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तेव्हा ‘या कॉन्टेक्स्टवर आधीचे काम संपण्याआधी दुसरे सुरू झाले’ अशी एंटिटी फ्रेमवर्कची एरर आली. तीही कधीमधीच.

केलेले बदल दोन. निवडक स्कोप्ड केला. आणि यूज-डीफॉल्ट-सर्व्हिस-प्रोव्हायडरमध्ये व्हॅलिडेट-स्कोप्स आणि व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड दोन्ही सर्व एन्व्हायर्न्मेंटमध्ये चालू ठेवले. प्रॉडक्शनमध्येही. सुरू व्हायला किंचित जास्त वेळ लागतो, तो लागू द्यावा.

व्हॅलिडेट-ऑन-बिल्डवर पूर्ण विसंबू नये. ते लॅम्डाच्या आत पाहत नाही, ओपन जेनेरिक तपासत नाही, आणि निवडक चालू असताना कोणती किल्ली मागेल हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून सुरुवातीची स्वतःची तपासणी लिहिली : ॲप रिक्वेस्ट घेऊ लागण्याआधी एक स्कोप उघडायचा, एनमच्या प्रत्येक किमतीसाठी मार्ग मागायचा, नंतर डेटाबेसमधल्या प्रत्येक चालू संस्थेचा करार नियमातून एकदा काढायचा. एकही अडला तर ॲप उठतच नाही. ब चे सर्टिफिकेट नवीन सर्व्हरवर ठेवायचे राहिले होते, ते या तपासणीने पहिल्याच दिवशी पकडले.

सोमवार, २० जानेवारी

रात्रीचा जॉब. बॅकग्राउंड-सर्व्हिस हा सिंगलटन असतो, त्यामुळे त्यात निवडक थेट मागता येत नाही. आय-सर्व्हिस-स्कोप-फॅक्टरी घ्यायची आणि प्रत्येक संस्थेसाठी नवा स्कोप उघडायचा. सगळ्या रात्रीला एक स्कोप ठेवला तर डीबी-कॉन्टेक्स्टमध्ये वाचलेली सगळी रेकॉर्ड साठत जातात. शिवाय डिस्पोज करावे लागणारे ट्रान्झियंट ऑब्जेक्ट कंटेनर स्कोप संपेपर्यंत धरून ठेवतो, तुम्ही सोडले तरी. मूळ कंटेनरमधून घेतलेले तर ॲप बंद होईपर्यंत सुटत नाहीत. मेमरी हळूहळू चढत असेल तर आधी हे पाहावे.

क्रिएट-स्कोप नव्हे, क्रिएट-असिंक-स्कोप. ब च्या क्लासमध्ये फक्त असिंक डिस्पोज आहे. असा ऑब्जेक्ट असलेला स्कोप साध्या डिस्पोजने बंद केला की कंटेनर एरर फेकतो, तीही काम संपल्यावर, म्हणजे निरोप गेलेले असतात आणि जॉब ‘अयशस्वी’ म्हणून नोंदला जातो. तो पुन्हा चालवला की सभासदांना बिलाचा निरोप दुसऱ्यांदा.

गुरुवार, २३ जानेवारी

एचटीटीपी-क्लायंट. दोन्ही मार्ग टाइप्ड क्लायंट (क्लासशी जोडलेला एचटीटीपी-क्लायंट) म्हणून नोंदवले होते, इंटरफेस तोच आणि क्लास वेगळा, प्रत्येकाला आपापला बेस ॲड्रेस. अ चे निरोप ब च्या पत्त्यावर जाऊ लागले. टाइप्ड क्लायंटचे आतले नाव इंटरफेसच्या नावावरून पडते. दोन्ही नोंदण्यांचे नाव एकच झाले, दोन्ही सेटिंग त्याच नावावर ओळीने लागली आणि शेवटचा पत्ता उरला.

उपाय : नावाचे क्लायंट. ॲड-एचटीटीपी-क्लायंटला दोन वेगळी नावे, आणि प्रत्येक मार्गाच्या क्लासमध्ये आय-एचटीटीपी-क्लायंट-फॅक्टरीकडून आपल्या नावाचा क्लायंट. डॉट नेट ९ मध्ये नावाचा क्लायंट थेट किल्लीने घेण्याची सोय (ॲड-ॲज-कीड) आली आहे. पण ८ ला दीर्घ मुदतीचा आधार आहे, म्हणून इथे ८ च ठेवले.

मार्गाचा क्लास सिंगलटन करून क्लायंट फील्डमध्ये धरू नये. फॅक्टरीचे हँडलर दर दोन मिनिटांनी बदलतात ते डीएनएसमधला बदल कळावा म्हणून. धरून ठेवलेला क्लायंट जुन्याच हँडलरवर अडकतो.

सोमवार, २७ जानेवारी

मागणी : ब बंद पडला तर रीस्टार्ट न करता त्याच्या संस्था अ वर वळवता याव्यात. सेटिंग फाइलमध्ये ‘वळवा’ असा विभाग केला आणि नियमाच्या फंक्शनला तोही देऊ लागलो.

आय-ऑप्शन्स एकदाच वाचतो, म्हणून बाद. निवडकात आय-ऑप्शन्स-स्नॅपशॉट घेतला. तो स्कोपभर एकच किंमत देतो, त्यामुळे एका संस्थेची बिले निघत असताना मधेच मार्ग बदलत नाही, पुढच्या संस्थेपासून बदलतो. हेच हवे होते. सिंगलटनमध्ये स्नॅपशॉट चालत नाही, तिथे आय-ऑप्शन्स-मॉनिटर. त्याचा ऑन-चेंज फाइल एकदा सेव्ह केली तरी दोनदा वाजू शकतो, म्हणून त्यात ‘मार्ग वळवला’ असा इशारा पाठवण्याआधी किंमत खरेच बदलली का ते पाहावे.

विकासाच्या मशीनवर बदल लगेच दिसला, डॉकर कंटेनरच्या इमेजमध्ये (हा डीआयचा कंटेनर नव्हे) दिसला नाही. कुबरनेटीसमध्ये कॉन्फिग-मॅप सब-पाथने माउंट केला असेल तर पॉडमधली फाइल बदलतच नाही. पूर्ण फोल्डर माउंट केला. डॉकरच्या काही माउंटवर फाइल बदलते पण बदलल्याची सूचना ॲपपर्यंत पोहोचत नाही. तिथे डॉटनेट_यूज_पोलिंग_फाइल_वॉचर हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ केले की दर चार सेकंदांनी फाइल तपासली जाते.

कोडने मार्ग वळला तरी निरोप पोहोचेलच असे नाही. डिसेंबर २०२४ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमाने, निरोप पाठवणाऱ्या संस्थेपासून ऑपरेटरपर्यंतची मधल्या टेलिमार्केटरांची साखळी डीएलटीवर आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर निरोप नाकारला जातो. म्हणजे ब ची संस्था अ वर वळवायची तर तिची अ मार्गे जाणारी साखळीही आधीच नोंदवून ठेवायला हवी. करारात ‘पर्यायी साखळी आहे’ असा कॉलम वाढवला आणि तो नसेल तर नियम वळवायला नकार देतो. निरोप रांगेत थांबतो.

पाठवणे फसले की आपोआप दुसऱ्या मार्गाने पाठवणे मुद्दाम टाळले आहे. टाइमआउट आला म्हणजे निरोप गेला नाही असे ठरत नाही. दोनदा गेलेल्या बिलावर सभासद दोनदा पैसे भरतात, आणि ते परत करण्यात संस्थेच्या कार्यालयाचे दिवस जातात.

गुरुवार, ३० जानेवारी

भाग मोजणारे वेष्टण, म्हणजे मार्गाच्या क्लासभोवती गुंडाळलेला, निरोपाचे भाग मोजणारा क्लास. पुरवठादार पैसे भागांवर घेतो : साध्या इंग्रजी मजकुराचा एक भाग १६० अक्षरांचा, अनेक भाग झाले की प्रत्येकी १५३. देवनागरी असेल तर ७० आणि ६७. स्ट्रिंगची लेंग्थ इथे बरोबर उत्तर देते, पण ती डोळ्याला दिसणारी अक्षरे मोजत नाही. ‘स्त्री’ची लेंग्थ ६ येते आणि एसएमएसमध्येही ६ च धरतात.

मोजणीत एक गोष्ट सापडली जी सगळ्यांनी तपासावी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ₹ हे चिन्ह होते. ते १६० वाल्या अक्षरसंचात नाही, त्यामुळे १५० अक्षरांचा पूर्ण निरोप देवनागरीच्या दराने मोजला जाऊन एका भागाचे तीन भाग होत होते. चिन्हाऐवजी रोमन लिपीत रुपयाचे संक्षिप्त रूप टाकले. टेम्प्लेट बदलले म्हणून डीएलटीवर नव्याने मंजुरी घ्यावी लागली.

सोबतच्या कंटेनरला वेष्टण घालण्याची तयार सोय नाही. क्लास स्वतःच्या टाइपने नोंदवला, आणि इंटरफेसची किल्ली असलेली नोंद लॅम्डाने केली. हा लॅम्डा प्रोव्हायडर आणि किल्ली दोन्ही घेतो, आतला क्लास मागतो आणि मोजणाऱ्या क्लासमध्ये गुंडाळून देतो. आतला क्लासही त्याच किल्लीने आणि त्याच इंटरफेसने मागितला तर लॅम्डा स्वतःलाच हाक मारत राहतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

इंटिग्रेशन टेस्ट. कन्फिगर-टेस्ट-सर्व्हिसेस ॲपच्या नोंदण्यांनंतर चालते आणि त्याच किल्लीची शेवटची नोंद जिंकते, त्यामुळे अ आणि ब दोन्ही किल्ल्यांवर खोटा मार्ग पुन्हा नोंदवला की पुरते. त्या खोट्या मार्गाला किल्ली कळावी म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये सर्व्हिस-की ॲट्रिब्यूट लावले. आता टेस्ट ‘निरोप गेला का’ एवढेच न विचारता ‘ब नेच गेला का’ तेही विचारते. ९ जानेवारीचा दोष पकडणारी टेस्ट अशी : एका जॉबमध्ये तीन संस्था, मार्ग अ, ब, अ. दोनच संस्था ठेवल्या तर ‘शेवटचा मार्ग चिकटला’ आणि ‘बरोबर बदलला’ यांतला फरक दिसत नाही.

चारही ठिकाणचा जुना कोड काढला. चौथा मार्ग आला तर हात लागेल तो एनमची किंमत, नवा क्लास, नोंदणीची ओळ आणि नियमाचे फंक्शन यांनाच. त्या फंक्शनमधल्या स्विचमध्ये ‘बाकी सगळे’ अशी शाखा ठेवलेली नाही आणि कंपायलरची त्याबद्दलची सूचना या प्रोजेक्टमध्ये एरर केली आहे, त्यामुळे नियम लिहायचा राहिला तर बिल्ड होत नाही.

बाकी : थकबाकीच्या आठवणींचे मराठी टेम्प्लेट ७० अक्षरांत बसवणे. सध्या ८४ होतात, संस्थेचे पूर्ण नाव त्यात येते म्हणून.